यंत्राला मांस वाटावे असे काहीतरी

१९५५ च्या जुलै महिन्यात ग्लासगो विद्यापीठातले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड दोन मोटारींच्या डिकीत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी भरून जवळच्या रेनफ्रूला गेले. त्यांत गर्भाशयातले फायब्रॉइड होते, बीजकोशातली पाण्याने भरलेली गाठही होती. रेनफ्रूला बॅबकॉक अँड विल्कॉक्स ही बॉयलर बनवणारी कंपनी होती आणि वेल्डिंगमध्ये राहून गेलेल्या भेगा शोधायला तिच्याकडे ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र होते. ते यंत्र माणसाच्या गाठीवर टेकवले तर काय दिसते, एवढेच डोनाल्डना बघायचे होते. तुलनेसाठी म्हणून कंपनीच्या लोकांनी गोमांसाचा एक भलामोठा तुकडा आणून ठेवला होता. पाण्याच्या गाठीतून लहर विनाअडथळा आरपार गेली आणि पलीकडच्या भिंतीवरून परतली. भरीव गाठीत ती जागोजागी अडखळली. पुढे ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकार आणि इंजिनियर टॉम ब्राउन यांचा लेख आला. पोटातल्या गाठी लहरींनी ओळखता येतात, हे त्या लेखाने डॉक्टरांच्या गळी उतरवले.

ही हकिकत सांगताना तो मांसाचा तुकडा गमतीचा तपशील म्हणून येतो. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. नवे यंत्र हातात आले की पहिला प्रश्न असतो, हे जे दाखवतेय ते खरे कशावरून? उत्तर द्यायचे तर ज्याच्या आत काय आहे हे आधीच ठाऊक आहे असे काहीतरी यंत्रापुढे ठेवावे लागते. वैधमापन खात्याचा माणूस दुकानदाराचा तराजू तपासायला स्वतःचे शिक्का मारलेले वजन घेऊन येतो; दुकानातला बटाटा एका पारड्यात टाकून तो निकाल देत नाही. सोनोग्राफीच्या यंत्रासाठी असे शिक्क्याचे वजन कशाचे करायचे, हा प्रश्न रेनफ्रूत पडला आणि तो सुटायला पुढची दोन दशके गेली.

खरे मांस का चालत नाही, याची कारणे कुणीही सांगेल. ते दुसऱ्या दिवशी बिघडते. कुजायला लागले की आत वायूचे बुडबुडे धरतात, आणि बुडबुडा हा सोनोग्राफीचा हाडवैरी. मांस आणि हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सगळी लहर परत फिरते, पलीकडचे काही दिसतच नाही. प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा यंत्राचा हातातला भाग, लावण्याआधी पोटावर ते थंडगार जेल चोपडतात ते याचसाठी, कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पापुद्राही राहू नये म्हणून. पण कुजणे टाळले तरी मांस नापासच. या तुकड्यात चरबी जास्त, त्या तुकड्यात धागे आडवे. आज पुण्यात केलेली तपासणी सहा महिन्यांनी नागपुरात केलेल्या तपासणीशी ताडून बघायची, तर दोन्हीकडचा माल तंतोतंत एकच हवा.

तेव्हा माल बनवायचा. पण कशासारखा? रंग, चव, स्पर्श यांच्याशी यंत्राला देणेघेणे नाही. यंत्र फक्त दोन गोष्टी बघते: प्रतिध्वनी किती वेळाने आला आणि किती जोराने आला. प्रोबमधून लहरींचा एक छोटासा ठोका सुटतो आणि यंत्र कान लावून बसते. खोली त्याला थेट मोजता येत नाही, ती ते वेळेवरून काढते, आणि त्यासाठी ध्वनीचा वेग आधी ठाऊक असावा लागतो. जगभरच्या यंत्रांनी त्यासाठी एकच आकडा धरलेला आहे, सेकंदाला १५४० मीटर. या हिशेबाने जाऊन-येऊन एका सेंटीमीटरला १३ मायक्रोसेकंद लागतात. १३० मायक्रोसेकंदांनी हाक परत आली की यंत्र पडद्यावर १० सेंटीमीटर खोल ठिपका टाकून मोकळे होते.

शरीराला मात्र हा आकडा कुणी कळवलेला नाही. चरबीत ध्वनी साधारण १४५० मीटर वेगाने जातो, स्नायूत १५८० च्या आसपास, रक्तात १५७०. १५४० ही या सगळ्यांची काढलेली सोयीची सरासरी. म्हणजे तीन सेंटीमीटर चरबीच्या थराखालचा अवयव पडद्यावर दोन मिलिमीटर जास्त खोल दिसणार, आणि डॉक्टरांना ते चालते, कारण निदानाच्या दृष्टीने तेवढ्याने सहसा बिघडत नाही. पण तपासणीचा माल बनवणाऱ्यासाठी यातून एक चमत्कारिक अट निघते. त्याने चरबीसारखा पदार्थ बनवून उपयोग नाही, स्नायूसारखाही नाही. शरीरातल्या बहुतेक अवयवांचा जो नेमका वेग नाही, तो १५४० त्याला साधायचा असतो. तो नक्कल करतो ती शरीराची कमी आणि शरीराबद्दलच्या यंत्राच्या समजुतीची जास्त. या क्षेत्रात अशा नकली देहाला फँटम म्हणतात आणि ज्या पदार्थाने तो भरलेला असतो त्याला टिश्यू-मिमिकिंग मटेरियल. आपण सरळ नकली मांस म्हणू.

वेग साधणे त्यातल्या त्यात सोपे. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ध्वनीचा वेग १४८२ मीटर असतो. अशा पाण्यात १० सेंटीमीटर खोल तार ताणली तर यंत्र ती १०.४ सेंटीमीटरवर दाखवते. वरवर किरकोळ. पण गर्भाच्या डोक्याच्या ९ सेंटीमीटरच्या मापात तीन-चार मिलिमीटरची चूक झाली तर गर्भाचे वय आठवडाभर किंवा त्याहून जास्त मागेपुढे होते. म्हणून पाण्यात अल्कोहोल किंवा ग्लिसरॉल घालून वेग वर चढवतात. प्रमाण जमले की १५४०.

मग तापमान आडवे येते. पाणी तापले की त्यातला वेग वाढतो, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला दर अंशामागे सुमारे ३ मीटर. हा वेग ७४ अंशांच्या आसपास शिगेला पोचतो आणि नंतर उतरू लागतो. चरबीत आणि रबरात उलटे, तापमान वाढले की वेग घटतो. म्हणून फँटमच्या खोक्यावर वेगाच्या आकड्याशेजारी तापमान छापलेले असते, बहुतेक वेळा २२ अंश. विदर्भातल्या एखाद्या दवाखान्यात मे महिन्यात एसी बंद असताना त्याच खोक्यावर मोजमाप घेतले, तर चूक यंत्राची की उन्हाळ्याची हे कळायला मार्ग नाही.

दुसरी अट अवघड आहे. लहर शरीरात खोल जाते तसतशी ती विरत जाते, आणि वारंवारता जितकी जास्त तितकी लवकर विरते. मऊ अवयवांत हे विरणे ढोबळमानाने दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झला अर्धा ते पाऊण डेसिबल. आकडा ऐकायला क्षुल्लक आहे, म्हणून हिशेब करून बघू. पोटाच्या तपासणीसाठी ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोब, १० सेंटीमीटर खोली, जायचे १० आणि यायचे १०, विरण्याचा दर ०.७. गुणाकार येतो ४९ डेसिबल. म्हणजे केवळ विरण्यामुळे परतणारी लहर मूळ शक्तीच्या सुमारे ऐंशी हजाराव्या भागावर येते. दर ०.५ धरला तर उत्तर ३५ डेसिबल, सुमारे तीन हजारावा भाग. ०.५ आणि ०.७ या शेजारच्या वाटणाऱ्या आकड्यांत तळाशी पोचेपर्यंत पंचवीसपट तफावत पडते. साध्या पाण्यात तर लहर फारशी विरतच नाही. निव्वळ पाण्याच्या टाकीत तपासलेले यंत्र विहिरीच्या तळापर्यंत बघू शकते असे वाटेल आणि प्रत्यक्ष रुग्णाच्या यकृताच्या मागच्या कडेला ते आंधळे निघेल.

आणि तिसरी अट म्हणजे विखुरणे. सोनोग्राफीचे चित्र ज्याने पाहिले आहे त्याला तो करडा, दाणेदार पोत आठवत असेल. ते दाणे म्हणजे यकृताच्या पेशी असाव्यात असा समज सहज होतो. तसे नाही. लहरीच्या लांबीहून, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झला सुमारे ०.४४ मिलिमीटरहून, कितीतरी बारीक असे असंख्य अडथळे लहरीला थोडेथोडे उडवतात. त्या सगळ्या कणभर प्रतिध्वनींची बेरीज कुठे जमते, कुठे एकमेकांत खपते, आणि त्यातून ती रांगोळी उठते. तिला स्पेकल म्हणतात. दाणा कितपत बारीक दिसावा हे बरेचसे प्रोबवर ठरते, अवयवावर कमी. डॉक्टरांची नजर मात्र याच पोतावर पोसलेली असते, त्यामुळे नकली मांसातही तो दिसला पाहिजे.

वेग, विरणे आणि विखुरणे या तिन्ही गोष्टी एकाच पदार्थात, आणि शक्यतो एकमेकींना धक्का न लावता कमीजास्त करता येतील अशा जमवण्याचे पहिले नाव घेण्याजोगे काम अमेरिकेत मॅडिसन शहरातल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात झाले. अर्नेस्ट मॅडसन, जेम्स झॅगझेब्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली ‘मेडिकल फिजिक्स’ या नियतकालिकात जी कृती छापली तिचा गाभा होता जिलेटिन, पाणी, अल्कोहोल आणि ग्रॅफाइटची पूड. जिलेटिन सांगाडा धरते. अल्कोहोलच्या प्रमाणाने वेग ठरतो. ग्रॅफाइट जितके जास्त तितकी लहर जास्त विरते, आणि विशेष म्हणजे वारंवारतेनुसार ती शरीरात जशी विरते जवळजवळ तशीच विरते. पेन्सिलीच्या शिशात असते तेच हे ग्रॅफाइट. एका अटीसाठी एक घटक असे वाटून दिल्यामुळे कृती हाताशी आली, आणि नंतरच्या बहुतेक पाककृती तिच्याच वंशातल्या आहेत.

पाककृती म्हटले ते उगाच नाही. ग्रॅफाइट जड असते, मिश्रण थिजेपर्यंत तळाला बसते. म्हणून थिजत असताना भांडे सतत फिरवत ठेवावे लागते. ढवळताना हवा शिरते. म्हणून निर्वात पात्रात ठेवून बुडबुडे ओढून काढावे लागतात. शिवाय जिलेटिन हे जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेले, साधारण तिशीच्या पुढच्या तापमानाला ते पाझरू लागते आणि बुरशीला ते आवडते. पहिल्या दोषावर फॉर्माल्डिहाइड हा उपाय निघाला. त्याने जिलेटिनचे धागे एकमेकांत गुंततात आणि मिश्रण पुन्हा सहजी वितळत नाही. दुसऱ्यावर परिरक्षके.

मॅडसन यांच्याच गटाने पुढे एका कृतीत आटीव दूध घातले. दुधातले बारीक कण लहर नीट विरवतात पण फारशी विखुरत नाहीत, त्यामुळे विखुरण्याचे काम वेगळ्या बारीक काचमण्यांवर सोपवता येते आणि दोन्हींचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवता येते. प्रयोगशाळेच्या टेबलावर आटीव दुधाचा डबा उघडा पडलेला आणि शेजारी डेसिबलचा हिशेब, हे दृश्य मला मनापासून आवडते.

युरोपात अगरची वाट धरली गेली. आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून पांढऱ्या पट्ट्या किंवा पूड मिळते, ती हीच, समुद्री शेवाळातून काढलेली. अगरचा एक गुण इथे फार कामाचा: ते ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान थिजते, पण एकदा थिजले की ८५ च्या आसपास पोचल्याशिवाय वितळत नाही. उन्हाळ्याचे भय नाही. १९९८ च्या सुमारास युरोपातल्या काही प्रयोगशाळांनी मिळून एक अगर-मिश्रण ठरवले आणि पुढे आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाच्या २००१ च्या मानकात ते गेले. त्याचे वजनी प्रमाण असे: पाणी सुमारे ८३ टक्के, ग्लिसरॉल ११, अगर ३, आणि उरलेल्या तीनेक टक्क्यांत सिलिकॉन कार्बाइड, दोन वेगवेगळ्या बारकाईची ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड आणि बेन्झाल्कोनियम क्लोराइड. यातल्या दोन्ही पुडी घासकामाच्या, पॉलिश पेपरवर असतात त्या जातीच्या. बेन्झाल्कोनियम डोळ्यांत घालायच्या कित्येक थेंबांत परिरक्षक म्हणून असते. हे सगळे ९५ अंशांच्या आसपास तासभर ढवळत ठेवायचे, मग ढवळणे न थांबवता ४२ पर्यंत उतरू द्यायचे आणि लगेच साच्यात ओतायचे. घाई केली तर कण तळाला बसतात, रेंगाळले तर मिश्रण भांड्यातच थिजते. तयार झालेला ठोकळा पाणी आणि ग्लिसरॉलच्या द्रावणात बुडवून ठेवतात, नाहीतर तो वाळतो.

वाळणे हे पाण्याच्या सगळ्याच नकली मांसाचे मरण आहे. पाणी उडाले की वेग बदलतो, आत ताणलेल्या तारा सरकतात, वरचा पृष्ठभाग खळगा पडून आत जातो आणि प्रोब नीट टेकत नाही. म्हणून फँटम विकत घेतल्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवावे आणि दर काही महिन्यांनी पुन्हा करावे असे सांगतात. वजन घटले तर तेवढे पाणी गेले. अमेरिकेतल्या सीआयआरएस कंपनीने झर्डीन नावाचे एक बहुवारिक आणले. तेही पाण्याचेच, पण लवचीक आणि जास्त टिकाऊ.

दुसऱ्या टोकाला युरेथेन रबर. ते वाळत नाही, सडत नाही, वर्षानुवर्षे राहते. पण त्यातला वेग १४५० च्या आसपास. मग उत्पादकांनी एक युक्ती केली: १० सेंटीमीटरवर दिसायला हवी ती तार प्रत्यक्षात ९.४ वरच ताणली. यंत्र वेळ मोजते, वेळ बरोबर येतो, पडद्यावर १० उमटतात. खोलीचे माप पास झाले, पण लबाडी दुसरीकडे बाहेर येते. लहरी एका बिंदूत आणण्याचा यंत्राचा सगळा हिशेब १५४० वर बांधलेला असल्याने रबरात तो बिंदू चुकतो आणि तार जाड, पसरट दिसते. प्रोब निर्दोष असूनही. शिवाय वारंवारतेनुसार रबरात लहर शरीरातल्यासारखी विरत नाही. ज्याला दरवर्षी तेच यंत्र त्याच ठोकळ्यावर ठेवून ‘मागच्या वेळेपेक्षा बिघडले का’ एवढेच बघायचे आहे त्याला रबर उत्तम. दोन कंपन्यांच्या यंत्रांत डावे-उजवे करायचे असेल तर मी ते वापरणार नाही.

फँटमच्या आत नुसते मांस नसते, त्यात प्रश्न पेरलेले असतात. केसाएवढ्या, ०.१ मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या तारा एकाखाली एक ठराविक अंतराने ताणलेल्या असतात. त्यांवरून उभे आणि आडवे माप तपासायचे. काही तारा मुद्दाम इतक्या जवळ आणलेल्या असतात की प्रोब चांगला असला तरच दोन दिसाव्यात, नाहीतर एक. प्रोबच्या अगदी लगत काही तारा असतात, कारण ठोका सोडल्यानंतरचे काही क्षण यंत्र बहिरे असते आणि तो बहिरा पट्टा किती रुंद आहे तेही कळायला हवे. विखुरणारे कण न घातलेल्या गोल पोकळ्या असतात; त्या पाण्याच्या गाठी. त्या पडद्यावर काळ्या कुळकुळीत आणि कडेला रेखीव दिसायला हव्यात, आत करडे धुके आले तर काहीतरी चुकते आहे. आजूबाजूपेक्षा ३ किंवा ६ डेसिबलनेच उजळ किंवा मंद अशा गाठीही असतात. खऱ्या पोटातला यकृताचा कर्करोग बऱ्याचदा एवढ्याच फरकाने वेगळा दिसतो, त्यामुळे मला तरी ही परीक्षा सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

रक्ताची नक्कल हे स्वतंत्र प्रकरण आहे. डॉप्लरने रक्ताचा वेग मोजायचा तर वाहणारे काहीतरी हवे. खरे रक्त गोठते, खराब होते, संसर्गाची भीती असते. त्यासाठी रॅमनरीन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली तपासून मांडलेले द्रावण आजही वापरात आहे: पाणी, ग्लिसरॉल, घट्टपणासाठी डेक्स्ट्रान आणि ५ मायक्रोमीटरचे नायलॉनचे कण. तांबड्या पेशी सात-आठ मायक्रोमीटरच्या, म्हणजे आकार जवळपास जुळला. नायलॉनची घनताही द्रावणाला जवळची, त्यामुळे कण पटकन तळाला बसत नाहीत. पंपाने हे द्रावण नळीतून ठाऊक वेगाने सोडायचे आणि यंत्र काय सांगते ते बघायचे.

एवढा खटाटोप खरोखर लागतो का? मार्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या ३२ रुग्णालयांतले, रोजच्या वापरातले ६७६ प्रोब तपासून २००९ साली निष्कर्ष छापले. त्यातल्या जवळजवळ ४० टक्के प्रोबमध्ये दोष निघाला. प्रोबच्या तोंडाशी शेकडो बारीक स्फटिक ओळीने बसवलेले असतात. केबल मुडपली, प्रोब हातातून पडला, भिंग सुटले की त्यातले काही मुके होतात. चित्र बंद पडत नाही, नुसते थोडे उतरते, आणि रोज तेच चित्र बघणाऱ्याचा डोळा त्याला सरावतो. दोष असा हळूहळू आला की तो कुणाच्या लक्षात येत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या स्वीडिश तपासणीत प्रोबच्या प्रत्येक स्फटिकाला विजेने तपासणारे वेगळे उपकरण वापरले होते, फँटम नव्हे. मुके स्फटिक हुडकण्यात फँटम तितकासा तेज नाही, कारण आजूबाजूचे स्फटिक उणीव झाकून घेतात. त्यासाठीची सोपी चाचणी तर फुकट आहे. प्रोब पुसून कोरडा करायचा, जेल न लावता हवेतच धरायचा आणि पडद्याच्या वरच्या कडेला बघायचे. तिथे प्रोबच्या स्वतःच्या भिंगातच घुमणाऱ्या लहरींच्या समांतर पट्ट्या दिसतात. पट्टी सलग असेल तर ठीक; मध्येच उभी काळी फट असेल तर त्या जागेचे स्फटिक गेले. खात्रीसाठी साधी पेपर क्लिप सरळ करून तिची तार प्रोबच्या तोंडावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूच सरकवायची. तारेखाली पडद्यावर उजळ रेघ सोबत चालत जाते आणि मुक्या जागी मावळते. सोमवारी सकाळी पहिला रुग्ण आत यायच्या आधी होणारे काम आहे. किती ठिकाणी होते, हा प्रश्न वाचकाने पुढच्या तपासणीच्या वेळी विचारायला हरकत नाही.

कारण आपल्याकडे सोनोग्राफीच्या यंत्रावर कायद्याची जेवढी नजर आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या वैद्यकीय यंत्रावर असेल, पण ती नजर चित्राकडे नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, १९९४ साली केंद्राचा आला. यंत्राची नोंदणी, केंद्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीसाठी एफ फॉर्म, त्रुटी निघाली तर यंत्राला सील. हे सारे गरजेचे होते आणि आहे. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या यंत्रांची गुणवत्ता तपासणी मुंबईतल्या अणुशक्तीनगरात मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत बसते, कारण तिथे किरणोत्सर्ग आहे. सोनोग्राफीत तो नाही, म्हणून ते यंत्र या मंडळाच्या कक्षेबाहेर. यंत्र कोणी वापरले, कोणासाठी वापरले हे कागदोपत्री चोख. ते १० सेंटीमीटरला १० दाखवते का, हे रुग्णालयाच्या किंवा डॉक्टरच्या स्वतःच्या शिस्तीवर. ज्या देशात हे यंत्र कोपऱ्याकोपऱ्यावर आहे तिथे ही मला मोठी उणीव वाटते.

चांगला फँटम आयात करावा लागला तर स्वस्त नसतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या एकट्या डॉक्टरने तो का घ्यावा हा प्रश्न रास्त आहे. शिकण्यासाठी मात्र घरगुती मार्ग आहेत. बूड आणि ॲडलर यांनी १९९५ साली जिलेटिनमध्ये मेटाम्युसिल घालून स्वस्त फँटम बनवण्याची कृती छापली. मेटाम्युसिल म्हणजे आपला इसबगोल. गुजरात-राजस्थानात पिकणारा, आपल्याकडे पोट साफ होण्यासाठी रात्री दुधातून घेतला जाणारा तो भुसा जिलेटिनमध्ये मिसळला की पडद्यावर यकृतासारखा करडा पोत उठतो. त्यात द्राक्ष पुरले की गाठ, रबराची नळी पुरली की रक्तवाहिनी. सुई पडद्यावर बघत नेमक्या जागी न्यायची सवय रुग्णाआधी अशा ठोकळ्यावर केली तर सगळ्यांचेच भले. फक्त सरावाचा ठोकळा आणि तपासणीचा ठोकळा यांची गल्लत नको. इसबगोलातल्या वेगाचा आकडा कुणी प्रमाणित केलेला नाही; त्यावर यंत्राचे माप ठरवले तर आपण पुन्हा रेनफ्रूच्या मांसाच्या तुकड्यापाशी जाऊ.

दरम्यान यंत्रांनी नवी कामे अंगावर घेतली आणि नकली मांसालाही नवी कौशल्ये शिकावी लागली. यकृत किती ताठर झाले आहे हे मोजणाऱ्या इलॅस्टोग्राफीसाठी मऊ पार्श्वभूमीत ठरावीक कडकपणाच्या गाठी बसवाव्या लागतात. त्यासाठी जिलेटिनमध्ये तेलाचे थेंब पसरवलेली मिश्रणे आली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे गोंदातले बहुवारिक वारंवार गोठवून आणि वितळवून दर खेपेला अधिक घट्ट करतात. त्याच्या रक्तवाहिन्या छान होतात. एकाग्र केलेल्या तीव्र ध्वनिलहरींनी गाठ भाजून काढण्याची शस्त्रक्रिया असते, तिच्यासाठी अंड्याचा पांढरा बलक घातलेले पारदर्शक मिश्रण वापरतात. उष्णता जिथे पोचते तिथे बलक शिजून पांढरा होतो, आणि ठोकळा कापून न बघता बाहेरूनच दिसते की लहर ठरल्या जागी उतरली की बाजूला.

नव्या यंत्रांपुढे जुने मांस आणखी एका ठिकाणी अपुरे पडू लागले आहे. हार्मोनिक पद्धतीत यंत्र स्वतः सोडलेल्या वारंवारतेऐवजी तिच्या दुप्पट वारंवारतेचा प्रतिध्वनी ऐकते. ही दुप्पट वारंवारता वाटेतल्या शरीरात लहर वाकडी होत गेल्यामुळे जन्मते. किती वाकडी होईल ते पदार्थावर अवलंबून. चरबीत ती पाण्यापेक्षा कितीतरी जास्त होते. वेग, विरणे, विखुरणे या तीन अटींत हा गुण कुठेच नव्हता, त्यामुळे तिन्हींत उत्तीर्ण झालेला ठोकळा या चौथीत काय करील हे पदार्थागणिक वेगळे तपासावे लागते.

आणि खुद्द १५४० चीही सद्दी संपत आली आहे. काही यंत्रांत स्तनाची तपासणी करताना चरबीला जुळेल असा कमी वेग निवडायची सोय असते. काही यंत्रे वेगवेगळे वेग लावून बघतात आणि ज्यात चित्र सर्वांत रेखीव येते तो त्या रुग्णाचा वेग धरतात. असे यंत्र १५४० च्या ठोकळ्यावर ठेवले तर ते १५४० शोधून काढील आणि पास होईल. १४५० च्या रबरावर ठेवले तर तिथल्या तारा एकदम बारीक दिसू लागतील, पण त्या मुद्दाम वर ओढून ताणलेल्या असल्यामुळे खोलीचे माप चुकेल. यंत्र बरोबर आणि ठोकळा चूक. अशा यंत्रांच्या तपासणीला एकाच ठोकळ्यात वेगवेगळ्या वेगाचे थर लागतील, चरबीचा वर, स्नायूचा खाली, आणि प्रत्येक थराचा आकडा वेगळा छापावा लागेल.